वर्ग तिसरा, कोंबडा

फुलांच्या प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना बकरीने मालनबाईंचा कोंबडा खाल्ला. लालभडक, मखमली तुऱ्याचं ते फूलझाड त्यांनी आषाढापासून जपलं होतं. आता कुंडीत नुसता दांडा उरला. पण यंदा शेजारच्या चिमणाबाईंना हरवायचं म्हणजे हरवायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी विंचूरला माहेरच्या गेणूला कार्ड टाकलं : ‘मोठ्या तुऱ्याचा लाल कोंबडा घेऊन शनिवारी नाशकात, थेट मंडपात ये. वाटेत मान मोडू देऊ नकोस. ऊन लागल्यास पाणी शिंपड.’

शनिवारी गेणू आला, पाटी घेऊन.

“ताई, मान नाय मोडू दिली. निफाडपासून पाणी शिंपडतोय. लय चिडलाय बघा.”

पाटीतून एका जिवंत कोंबड्याने मान वर काढली.

“अरे गेणू, फूल! कोंबड्याचं फूल हवं होतं!”

“मंग कार्डात फूल कुठं लिवलंय?”

मालनबाईंनी प्रदर्शनाचं पत्रक पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी कोंबडा रिकाम्या कुंडीत उभा केला आणि सुतळीने त्याचा पाय बांधला.

प्रदर्शनाचे चिटणीस निसारभाई धावत आले. “बाई, ये क्या? हे फुलांचं प्रदर्शन आहे!”

“तुमच्या पत्रकात काय छापलंय? वर्ग तिसरा, कोंबडा. एका कुंडीत एक. तुऱ्याचा रंग, आकार आणि ताठपणा पाहून गुण. यात कमी काय आहे?”

निसारभाईंनी तुरा पाहिला. कमी काहीच नव्हतं.

“पण याला मुळं नाहीत!”

“चिमणाबाईंचा उपटून पाहिलात?”

निसारभाई परीक्षकांना आणायला गेले. तेवढ्यात सुतळी सुटली. कोंबडा उडाला तो थेट चिमणाबाईंच्या कुंडीत. गेणू त्याच्यामागे, मालनबाई गेणूमागे. धरून पुन्हा मालनबाईंच्या कुंडीत बांधेपर्यंत त्याने चिमणाबाईंच्या फुलाचा डौलदार तुरा बियांसकट फस्त केला होता.

परीक्षक आले. त्या वर्गात या दोघींशिवाय कोणी उतरलंच नव्हतं, त्यामुळे आता एकच कोंबडा शिल्लक होता. ते नाइलाजाने मालनबाईंचं नाव लिहू लागले.

“थांबा!” डोळे पुसत चिमणाबाई पुढे आल्या. “माझा कोंबडा यांच्या कोंबड्याच्या पोटात आहे. म्हणजे या कुंडीत आता दोन कोंबडे झाले. एका कुंडीत एकच चालतो ना?”

परीक्षकांनी बराच विचार केला. मालनबाईंची नोंद बाद झाली आणि वर्गात उरलेलं एकच नाव म्हणून बक्षीस चिमणाबाईंना मिळालं.

मंडपात पहिली टाळी मालनबाईंनीच वाजवली. असा मुद्दा त्यांनाही सुचला नसता.