ठिपक्यांचं दुपटं

वॉर्डात पुरुषांनी थांबायचं नाही असा नियम होता आणि तो दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. टेलर त्या पाटीखालून मान खाली घालून दिवसभर आत-बाहेर करायचा.

इलाज नव्हता. लेकीचं ऑपरेशन होऊन मुलगी झाली होती. जावई लांब कामावर, त्याची सुटी अजून मंजूर व्हायची होती. विहीणबाईंचे स्वतःचेच गुडघे नुकतेच बदललेले. आणि जिने हे सगळं हौसेनं केलं असतं ती टेलरची बायको गेल्या वर्षीच गेली होती. म्हणून मोठ्या सिस्टरनी डोळे वटारत परवानगी दिली होती.

"राहा. पण बायकांचा वॉर्ड आहे. पडदा ओढला की तोंड भिंतीकडे. आणि तुमच्याबद्दल एक तक्रार आली की बाहेर. मग लेकीचं कोण करणार ते तुमचं तुम्ही बघा."

"नाही येणार तक्रार, सिस्टर."

तेव्हापासून टेलर वॉर्डात उसना कोट घालून आलेल्या माणसासारखा वावरत होता. कुठे डाग पडायला नको.

लेकीला अजून पुरेसं दूध उतरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तोवर बाळाला थोडं डब्याचं द्या, पण बाटली नको, वाटी-चमच्यानंच. छोट्या सिस्टरनं एकदा करून दाखवलं आणि टेलरला ते जमलं. मापातली पावडर तो सुरीच्या पाठीनं सपाट करायचा, पाणी उकळून निववायचा, मनगटावर थेंब टाकून बघायचा. हात आयुष्यभर मापातच चाललेला.

एकच गोष्ट जमत नव्हती. नातीच्या तोंडाकडे बघणं. पहिल्याच दिवशी लेक म्हणाली होती, "बाबा, बघा ना, हनुवटी अगदी आईची!" टेलर "हो, हो," म्हणाला आणि पाण्याचा जग घेऊन बाहेर गेला. जग भरलेलाच होता. त्यानंतर बाळाला पाजताना तो चमच्याकडे बघायचा, फार तर ओठांपर्यंत. त्यावर त्याची नजर जायची नाही.

तशी चेहऱ्यांशी त्याची ओळख कमीच. माणूस त्याला कपड्यावरून कळायचा. एकदा त्यानं भर रस्त्यात एका परक्या माणसाला मिठी मारली होती, कारण त्याच्या अंगात टेलरनं मित्रासाठी शिवलेला शर्ट होता. मित्रानं तो देऊन टाकला होता. बायको त्यावरून वर्षानुवर्षं हसत होती. आता तिच्याच निळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या गाऊनची त्यानं दुपटी कापली होती. गाऊनही त्यानंच शिवलेला. ठिपके दिसले की आपली नात, एवढं त्याला पुरत होतं.

शेजारच्या खाटेवर एक बाळंतीण सून होती, तिला मुलगा झाला होता, आणि दिमतीला तिची सासू होती. या सासूबाईंना वॉर्डानं 'हायकोर्ट' असं नाव ठेवलं होतं, कारण त्या बोलल्या की पुढे कुठे दाद मागायची सोय नसायची.

"आमच्या घरात डब्याचं दूध मांजरसुद्धा पीत नाही," हायकोर्टनं पहिल्याच दिवशी निकाल दिला. "चार पोरं वाढवली मी. डब्याचं झाकण कसं असतं ते ठाऊक नाही मला."

लेकीनं तोंड भिंतीकडे केलं. टेलरचे कान तापले. त्यानं डबा टॉवेलात गुंडाळून खाटेखाली सरकवला आणि तिथून पुढे प्रत्येक वेळी चोराचा माल काढावा तसा काढू लागला.

त्या सकाळी आंघोळीनंतर वॉर्डातल्या मावशींनी दोन्ही बाळं खिडकीपाशी उन्हात, शेजारशेजारच्या पाळण्यांत ठेवली. डॉक्टर आले होते. दोन्ही खाटांचे पडदे ओढलेले. हायकोर्ट चहाला गेली होती. टेलर नियमानं भिंतीकडे तोंड करून उभा होता, पण पाजायची वेळ झालेली. त्यानं वाटी तयार केली, खिडकीशी गेला, ठिपक्यांचं दुपटं उचललं आणि स्टुलावर बसला.

बाळ चमच्यावर तुटून पडलं. एरवी अर्धी वाटी संपवायला नाकी नऊ यायचे. आज वाटी तळापर्यंत साफ.

"शाब्बास गं बाई," टेलर चमच्याला म्हणाला. "आज भूक लागली वाटतं."

बाळानं त्याच्या खांद्यावर एखाद्या हवालदारासारखा ढेकर दिला आणि झोपलं. टेलर वाटी धुवून आला, तेव्हा हायकोर्ट परतली होती आणि पाळण्यावर वाकली होती.

"हे कुणाचं फडकं? काय या मावशी तरी! आमची सगळी ओली होती म्हणून दोरीवरचं दिसेल ते गुंडाळलं." तिनं दुसऱ्या कापडात बाळ घेतलं आणि ठिपक्यांचं दुपटं टेलरपुढे धरलं. "घ्या, तुमचं दिसतंय."

टेलरनं दुपटं घेतलं. हायकोर्टच्या हातांवर तिचा नातू पोट टम्म करून घोरत होता. शेजारच्या पाळण्यात दवाखान्याच्या हिरव्या कापडातलं दुसरं बाळ जागं झालं आणि त्यानं भोकाड पसरलं. टेलरनं हातातल्या ठिपक्यांकडे बघितलं.

तो लगबगीनं हिरवं गाठोडं घेऊन लेकीकडे आला आणि खाटेखालून पुन्हा डबा काढला.

"बाबा, आत्ताच पाजलंत ना?"

"सांडलं."

"सगळं?"

"वाटी कलंडली."

जमीन कोरडी ठणठणीत होती. लेकीनं जमिनीकडे बघितलं, मग बापाकडे. बाप पावडर सपाट करण्यात गढला होता.

पलीकडे सुनेनं मुलाला छातीशी घेतलं. मुलानं तोंड उघडलं नाही. तळव्यांना गुदगुल्या केल्या, कान चोळले, ओला बोळा गालाला लावला. मुलगा झोपेत हसला.

"काल रात्री कसा पीत होता! काय खाल्लंस तू?" हायकोर्टनं सुनेला विचारलं.

"दवाखान्याचंच जेवले, आई."

"मग दूध का नकोय त्याला? काहीतरी केलंयस तू. पोरगं उगाच नाही तोंड फिरवत!"

सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "खूप दाटून आलंय हो, आई, दुखतंय. तो घेतच नाही."

टेलरनं चमचा वाटीत ठेवला. बोललो तर बाहेर, आणि लेकीला पाणी द्यायलाही कुणी नाही. नाही बोललो तर ती पोर विनाकारण बोलणी खातेय. त्यानं मनाशी ठरवलं, थोड्या वेळानं त्या मुलाला भूक लागेलच. आपोआप मिटेल.

मिटलं नाही. छोटी सिस्टर आली, तिनं प्रयत्न केला, ती शिकाऊ डॉक्टरला घेऊन आली. डॉक्टरनं मुलाला उठवायला बघितलं. मुलानं एक डोळा उघडून मिटला.

"फारच सुस्त वाटतोय," डॉक्टर म्हणाला. "सकाळपासून काहीच घेतलं नाही म्हणता? साखर बघू. टाचेला सुई टोचून थेंबभर रक्त घ्यावं लागेल."

"अगं बाई!" हायकोर्ट मटकन खाली बसली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "काही वाईट नाही ना हो, डॉक्टर?"

सिस्टरनं मुलाची टाच धरली. एवढीशी, अंगठ्याएवढी टाच.

"सुई नको," टेलर म्हणाला.

सगळे वळले. मोठ्या सिस्टर नेमक्या तेव्हाच दारात आल्या होत्या.

"तो उपाशी नाही. मी पाजलंय त्याला."

"तुम्ही?" हायकोर्ट म्हणाली. "काय पाजलंत?"

टेलरनं खाटेखालून टॉवेल काढला, सोडला आणि डबा सगळ्यांसमोर स्टुलावर ठेवला.

"आजोबा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "पायातल्या पट्टीवर खाटेचा नंबर असतो."

"पाय दुपट्यात होते."

"आणि तोंड? तोंड तरी बाहेर होतं ना? स्वतःची नात ओळखू येत नाही तुम्हाला?"

टेलरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी तोंड बघितलं नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दुपटं बघितलं. हिच्या आईच्या गाऊनचं होतं."

लेकीनं पदर शोधावा तशी चादर ओढून तोंडाला लावली. डॉक्टरनं मुलाचं पोट पुन्हा तपासलं, त्याला जरा हलवलं, त्यानं सणसणीत आळस दिला, तेव्हा सुई परत ट्रेमध्ये गेली. त्याच्यावर लक्ष ठेवा, म्हणून डॉक्टरनं सिस्टरला सांगितलं.

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं, आठवतंय ना, आजोबा?" मोठ्या सिस्टर हायकोर्टकडे वळल्या. "आजी, तुमची तक्रार असेल. साहजिक आहे. बोला."

टेलर खाटेखालची पिशवी भरायला वाकलासुद्धा.

हायकोर्टनं तोंड उघडलं. मग वॉर्डाकडे बघितलं. सगळ्या खाटांवरच्या बाळंतिणी कोपरांवर उठून ऐकत होत्या. हायकोर्टनं तोंड मिटलं. तक्रार करायची म्हणजे आधी काय घडलं ते सांगायला हवं. आणि काय घडलं, ते त्या घराण्यात मांजराच्या बाबतीतही घडलेलं नव्हतं.

"कसली तक्रार?" ती म्हणाली. "आमच्या पोरानं काही प्यायलेलंच नाही."

"अहो, आत्ता आजोबा म्हणाले ना..."

"वय झालंय त्यांचं. वाटी कलंडली असेल."

सुनेनं उशीत तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत होते, पण ती रडत नव्हती. लेक पोट धरून म्हणाली, "हसवू नका हो, टाके ओढतात." मोठ्या सिस्टरनी डब्याकडे, मग टेलरकडे बघितलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

जाताजाता हायकोर्ट टेलरजवळ थांबली. "सगळी वाटी संपवली का हो त्यानं?" तिनं हळूच विचारलं.

"चाटून."

"हं," ती अभिमानानं म्हणाली. "खाणारा आहे."

हिरव्या कापडातली नात अजून अर्धपोटी होती. टेलरनं तिला उचललं.

"बाबा," लेक म्हणाली, "आता तरी बघा."

टेलरनं बघितलं. हनुवटी होती. खरंच होती. आणि नात कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे रोखून बघत होती. दूध उतू गेल्यावर बायको त्याच्याकडे असंच बघायची.

"चुकलो," तो तिला म्हणाला आणि चमचा भरला. निम्मं दूध त्या दिवशी खरंच सांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी धडा घेतला होता. वाद नको म्हणून त्यांनी दोन्ही बाळांना दवाखान्याच्या हिरव्या कापडात पायापासून मानेपर्यंत घट्ट गुंडाळून खिडकीशी ठेवलं. दोन्ही गाढ झोपलेली. पट्टी बघायची तर कापड सोडावं लागलं असतं आणि दोन्ही उठली असती.

टेलर आला, वाकला आणि सरळ आपली नात उचलून घेऊन निघाला.

हायकोर्ट पाळण्यांपाशी उभीच होती. उरलेल्या बाळाकडे तिनं बघितलं, मग टेलरच्या हातातल्या. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघून ती कुजबुजली,

"टेलरभाऊ, नक्की तुमचीच उचललीत ना? म्हणजे... हा आमचाच ना हो?"