शेगडीचा चौथा पाय

सकाळी सात वाजता मारोतरावांच्या ओसरीवर कोळशाची शेगडी कलंडली आणि चहाचं पातेलं नव्या जावयाच्या पायाशी सांडलं. साल १९७४, गाव वऱ्हाडी मुलखातलं मालेगाव, निमित्त पहिला दिवाळसण. भाजलं कोणाला नाही.

शेगडी गोल, लोखंडी, चार पायांची. एक पाय आखूड पडत होता. जावई इंद्रभान कामरगावच्या शाळेत गणित शिकवीत. त्यांनी पातेलं उचललं आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "मामी, ही शेगडी डुगडुगाची थांबली, का मंगच आमी कामरगावची गाडी धरू."

सासूबाई दुर्गाबाईंनी हे वाक्य नीट ऐकलं. लेक भागिरथा परवा सासरी जायची होती. त्या काळी लेक एकदा सासरी गेली, की पुढच्या सणापर्यंत तिचं फक्त पोस्टकार्ड येई. तेही सर्व खुशाल आहे एवढंच सांगणारं.

"ऱ्हाऊ द्या नं जवाईबुवा," मारोतराव अजिजीने म्हणाले. "जवायानं सासुरवाडीत हात काळे करनं बरं दिसते काय? लोक मले हासतीन."

"मामाजी, हे हिशेबाचं काम आहे. तुमी पाहात राहा."

जावयाला दुसऱ्यांदा अडवायची रीत नव्हती. इंद्रभाननी तीन पाय करवतीने थोडे थोडे कापून चौथ्याच्या बरोबरीला आणले. संध्याकाळी शेगडी देवळातल्या नंदीसारखी स्थिर बसली. भागिरथाचा चेहरा उतरला. "जमलं वाटते," असं म्हणून ती ट्रंक काढायला गेली.

सकाळी शेगडी पुन्हा डुलली. आता दुसऱ्या बाजूला.

इंद्रभाननी पुन्हा कापलं. ती पुन्हा डुलली. तिसऱ्या सकाळी मारोतरावांना कारण दिसलं. दुर्गाबाई ओसरी सारवत होत्या आणि शेगडीच्या जागी एकाच कोपऱ्यात मातीचा जाड हात देत होत्या.

"हे काय करून राह्यली वं?"

"सारवून राह्यले. दिसत नाई काय?"

"त्याच कोपऱ्यात कायले उंच करतं? तो बिचारा तिकडं पाय कापून राह्यला!"

"शेगडीचेच कापून राह्यला नं? लेक चार दिस जास्त राह्यली तं तुमाले जड झाली काय?"

मारोतराव आपल्या किराणा दुकानाच्या वाटेने गेले आणि येताना जावयासाठी करवतीचं नवं पातं घेऊन आले.

दिवाळीची सुट्टी संपून कामरगावची शाळा उघडली. शेगडीचे पाय बोटभर उरले. खालून वारा लागेना, कोळसे नुसते धुमसू लागले. त्या दुपारच्या गाडीने इंद्रभानचे वडील उकंडराव उतरले. त्यांनी छत्री ओसरीवर आपटली.

"पोट्टे शाळेत मोकाट फिरून राह्यले, अन् मास्तर सासुरवाडीत शेगडी घडते! ऊठ. सूनबाई, टरंक घे."

"बसा नं इवाई," दुर्गाबाई पदर सावरत म्हणाल्या. "घोटभर चहा तं घ्या."

पातेलं शेगडीवर चढलं आणि डावीकडे कललं. उकंडरावांनी टोपी काढली, गुडघे टेकले आणि शेगडीखाली डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दुर्गाबाईंचा हात पदरावरच थांबला.

"इंद्रभान," ते शेवटी म्हणाले, "तुले गणित कोनं शिकवलं रे? उलटाच पाय कापला तू. मारोतराव, घरात कानस आहे काय?"

कामरगावची शेवटची गाडी साडेपाचला मालेगावहून सुटली. तिच्यात या घरातलं कोणी नव्हतं.