डाव्या हाताच्या बाटल्या

“ही माझी न्हाई. ही बी न्हाई. थांबा... हां, ही माझी.”

आवाज आमच्या बाथरूममधून येत होता. मी आणि आई हॉलमध्ये उभ्या होतो. पाच मिनिटांपूर्वी एक बाई दारात आल्या. “मी शालन. खालच्या मजल्यावर नवीन आलीया,” म्हणाल्या. चहा नको, पाणी नको, “जरा न्हाणी बघू द्या” म्हणत थेट आत गेल्या. आईला वाटलं, घाईची लागली असेल. पण दार उघडंच होतं, आणि त्या आमची एकेक बाटली उपडी धरून, डोळे मिटून, तिच्या बुडावरून अंगठा फिरवत होत्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात आमची फिनेलची बाटली होती. मूळची ती शाम्पूची. आईने कधीकाळी तिच्यात फिनेल भरलं, त्यालाही कैक वर्षं झाली होती.

“ही म्या केलीया,” शालनमावशी म्हणाल्या. “बरी सांभाळलीसा.”

मावशींनी कुपवाडच्या एका कारखान्यात उभा जन्म बाटल्या केल्या. वितळलेल्या प्लास्टिकची नळी वरून खाली उतरते, साचा मिटतो, आत हवा भरते, की झाली बाटली. मग बुडाशी लोंबणारा जादा तुकडा पातीने कापायचा. हे काम मावशींचं. त्या डावखुऱ्या, त्यामुळे त्यांचा काप बाकीच्यांपेक्षा उलट्या अंगाला उतरायचा. “डोळं फसतील, आंगठा फसत न्हाई,” हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

काम सुटल्यावर त्यांनी बाटलीशी वैर धरलं आणि वडी करायला घेतली. केस धुवायची घट्ट वडी. खोबरेल, रिठा, शिकेकाई, कास्टिक सोड्याचं पाणी. आठवडेच्या आठवडे ती फळीवर सुकत ठेवायची. ती त्या विकत नसत. घरातल्या रिकाम्या बाटल्या द्यायच्या, वडी घ्यायची, आणि पुन्हा शाम्पूची बाटली आणणार नाही असं कबूल करायचं. “निदान नवी तरी जल्माला याय नको.”

विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीला बोअरचं पाणी, आणि ते जड. वडीच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या केसांचा काथ्या झाला. सेक्रेटरीकाकांच्या डोक्यावर केस जेमतेम, पण तक्रार सर्वांत मोठी त्यांची. मावशींनी फर्मान काढलं, “वरनं ताक घाला, आन मग धुवा.” लोकांनी घातलं. केस खरंच मऊ झाले. मी मात्र महिनाभर ऑफिसात कुणाच्या जवळ बसले नाही. तशी आधीही बसत नव्हते, पण आता निदान कारण होतं.

वडी ओल्यात ठेवलेली त्यांना खपत नसे. केव्हाही येऊन तपासायच्या. “पाण्यात ठिवलीस व्हय गं? आसं ठिवलं तर माणूस बी इरघळंल.” मी नुसती हसायचे. “इंग्रजी शाळंत बोलाय शिकवत न्हाईत का?” मी पुन्हा हसायचे.

एका संध्याकाळी आईने मला बाटल्या देऊन खाली पाठवलं. मावशींचं घर मी पहिल्यांदाच आतून पाहत होते. बसायला एक खुर्ची, एक कॉट. बाकी चारी भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर बाटल्या. धुतलेल्या, झाकणं काढलेल्या, सगळ्यांची तोंडं खिडकीकडे. वाऱ्याने त्या घुमत होत्या. पलीकडच्या खोलीत पुष्कळ बायका ओठ मिटून काहीतरी म्हणताहेत, असा तो आवाज होता.

“गप बसा गं,” मावशी म्हणाल्या. “पाव्हणी आलीया.”

बाटल्या गप्प बसल्या. मी खिडकीकडे पाहिलं. पडदा हलतच होता.

मी त्यांना विचारलं काहीच नाही. त्याच सांगू लागल्या. मोठा पूर आला त्या वर्षी त्या नदीकाठी भाड्याने राहत होत्या. पाणी जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत चढलं, शेजारी निघून गेले, मावशी माडीवर एकट्या. भर दुपारी दार वाजायला लागलं. टक. टक टक. माणूस असता तर हाक मारली असती. उघडून बघतात तो जिनाभर बाटल्या, पाण्यावर डुलत दाराला धडका देत होत्या.

“एकीच्या बुडाला आंगठा लावला. माझी. दुसरी घेतली. ती बी माझीच.” त्यांनी कॉटवरची चादर सरळ केली. “तवा ध्येनात आलं बघ. म्या केल्याली एक बी मेलेली न्हाई. मी जाईन, ह्या ऱ्हातील.”

“भंगारात...” मी कसंबसं म्हणाले.

“भंगारवाला इतळवतो, त्याची परत बाटलीच हुती. जिवाला सुटका नगं व्हय?”

मी वडी घेतली आणि जिना जरा भरभर चढले.

पुढे लहान मुलं त्या मजल्यावरून जाताना रडायला लागली. सोसायटीची सभा झाली, मावशींच्या घरच्यांना पत्र गेलं, आणि एका रविवारी सकाळी मावशींचा भाचा जतहून टेंपो घेऊन आला. स्वभावाने गरीब माणूस. बाटल्या कचरा डेपोत टाकायच्या आणि मावशीला गावी न्यायचं, असं त्याने सेक्रेटरीकाकांना कबूल केलं होतं.

अख्खी इमारत पार्किंगमध्ये जमली. भाचा पोती आणत होता. मावशी टेंपोपाशी उभ्या राहून पोत्यातली प्रत्येक बाटली काढत, पदराने पुसत, बुडाला अंगठा लावत आणि हौद्यात ठेवत. सासरी निघालेली लेक उंबऱ्यावर “येते” म्हणते, “जाते” म्हणत नाही. मावशी प्रत्येकीला हळूच सांगत होत्या, “येते म्हनू नगंस हां. नगंस म्हनू.”

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

“मावशे, किती वेळ?” भाचा वैतागला. “आगं, कचरा हाय त्यो.”

“कचरा न्हवं रं. माझ्या हातच्या हाईत.” मावशींचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. “मला न्हे कुटं बी. जतला न्हे, ऱ्हातीया मी. पर त्या डेपोत उनापावसात पडतील, मरायच्या बी न्हाईत. माझ्यामागं ह्यास्नी कोन हाय?”

त्या आम्हा सर्वांकडे पाहत होत्या. सेक्रेटरीकाका मोबाईल बघू लागले. आई माझ्या मागे होती. हौद्यातल्या बाटल्या घुमायला लागल्या, आणि पार्किंगमध्ये वाऱ्याची झुळूकही नव्हती. मला भीती वाटत होती, ती बाटल्यांची की एवढ्या माणसांची, कोण जाणे. मी दोन पावलं पुढे गेले आणि मावशींच्या हातातली बाटली घेतली. ती गरम होती.

“मावशी,” मी म्हणाले, “ह्यांना मी आहे.”