देवरावशेठचं सुदान

आदिलाबादच्या आमच्या गल्लीत कुणी बाळंत झालं की लाडवांचा डिंक देवरावशेठच्या दुकानातून येतो. पण डिंक तोलण्याआधी शेठ गिऱ्हाइकाला विचारतात, "सुदानात काय चालू हाये?" गिऱ्हाईक बिचारं घाईत असतं. ते सुदान कुठून आणणार?

मी शाळेत भूगोल शिकवतो, हे शेठना कळलं आणि मी अडकलो. त्यांचा उत्तम डिंक त्या देशातून मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत येतो. तिथं आपसात लढाई पेटल्यापासून ते रोज माझी परीक्षा घेतात.

"मास्तर, गावंच्या गावं पळून राह्यली म्हनता. मंग माल काऊन येऊन राह्यला?"

"शेजारच्या देशातून फिरून येत असेल."

"अन् एकमेकाले मारून राह्यले, तर डिंक कवा काढते?"

हे आमच्या पुस्तकात नव्हतं. भाव चढला तेव्हा शेठ म्हणाले, लढाईमुळं. पुढं लढाई वाढली आणि भाव उतरला, तेव्हा ते दिवसभर डोकं धरून बसले. शेवटी मुंबईला फोन लावला. "भाई, उधर लड़ाई है, तो माल कैसा आया?"

"शेठ, आपको माल चाहिए या लड़ाई?"

आम्ही दोघं नकाशा पसरून बसलो आणि उठताना आणखी गोंधळलेले होतो. म्हातारा धंद्यापायी हैराण आहे, असंच मला वाटायचं.

परवा माझ्या लेकीला मुलगी झाली. डिंक आणायला गेलो, तर शेठनी सुतळी बांधलेली नवी पोती बाजूला सारली आणि कोपऱ्यातलं जुनं पोतं ओढलं. त्याचं तोंड हिरव्या कापडाच्या चिंधीनं बांधलेलं होतं.

"कैक वर्सं माल याच गाठीनं येत होता. किनार फाडून बांधलेली हाये, म्हंजे कोन्या बाईचं काम. लढाई लागली अन् हिरवी चिंधी बंद झाली. हे शेवटचं पोतं." त्यांनी चिंधीवरची धूळ झटकली. "हाये का नाही ते बाई, कोनाले इचारू?"

मला माझीच लाज वाटली. "दुसऱ्या गावी गेली असेल," मी म्हणालो.

"असंन."

शेठनी पोतं आडवं केलं आणि बुडाची शिवण उसवायला घेतली.

"वरून सोडा की. सोपं पडेल."

"राहू द्या, मास्तर. ते तिची गाठ हाये."

बुडातून हात घालून त्यांनी एकेक खडा उजेडात धरून निवडला आणि लेकीसाठी पुडी बांधून दिली. मग चष्मा पुसून ते पोतं शिवायला दाभण शोधू लागले.