नवी पेठेत उतरलेलं यान

आमच्या शेजारच्या कोंडाबाईंच्या हॉलमध्ये जगाचा नकाशा उलटा टांगलेला आहे. दक्षिण वर, उत्तर खाली, मधोमध आफ्रिका. नवीन माणूस आला की त्याची मान आपोआप वाकडी होते. "बाई, नकाशा उलटा लागलाय," असं तो म्हणाला की बाई खूष. "उत्तर वर असते, हे कुणी ठरवलं?" म्हणत त्याला बसवून घेतात. मग चहा होईपर्यंत त्याची सुटका नाही.

बाईंनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. त्या निवृत्त झाल्या, त्या वर्षी नैरोबीत नोकरी करणारा मुलगा सुट्टीला येताना तिकडच्या लेखकांच्या विज्ञानकथा घेऊन आला. बाईंना त्यांचं व्यसनच लागलं. गच्चीवर कुरडया घालताना त्या आम्हाला गोष्टी सांगायच्या. एकीत केनियातली म्हातारी शेळ्या घेऊन चंद्रावर राहायला जाते, आणि तिथं गेल्यावरही भांडते आपल्याच भाषेत.

"इतकी वर्षं परग्रहावरचं यान सारखं अमेरिकेतच का उतरायचं, सांग की," त्या मला विचारायच्या. "गोष्टी त्यांनी लिहिल्या, म्हणून त्यांच्या अंगणात उतरलं. आता ह्या आफ्रिकेतल्या लोकांनी आपल्या अंगणात उतरवलं. आपल्याला मात्र उद्याचं जग म्हटलं की दुसऱ्याचंच गाव दिसतं."

शेवटी त्यांनी स्वतःच कथा लिहिली आणि गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात वाचली. ऐन दिवाळीच्या गर्दीत यान आपल्या गावच्या नवी पेठेत उतरतं. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवतात. हवालदार यानाला नंबर प्लेट शोधतो. कापडवाला म्हणतो, "आत या, नुसतं बघून तर जावा." आम्ही हसून लोटपोट. मग यानाचं दार उघडतं, पाहुणा बाहेर येतो आणि समोरच्या बाईला तेलुगूत विचारतो, "तिन्नावा?" म्हणजे, जेवलीस का?

प्रमुख पाहुणे कॉलेजातले प्राध्यापक होते. ते म्हणाले, "बाई, परग्रहावरचा माणूस तेलुगू कसा बोलेल? इंग्रजी असतं तर पटलं असतं."

"इंग्रजी कसं पटलं असतं?" बाईंनी शांतपणे विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सहज त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "बाई, पण खरंच, तेलुगूच का?"

बाई खिडकीशी बसल्या होत्या. "हे गेल्यापासून घरात तेलुगू कुणी बोलत नाही गं. मुलगा फोनवर मराठीच बोलतो, नातू इंग्रजी. हे कारखान्यातून आले की दारातूनच विचारायचे. स्वतः उपाशी असायचे, पण आधी मला विचारायचे." मग म्हणाल्या, "म्हटलं, गोष्ट आपलीच आहे. एकदा पाहुण्याकडून विचारून घेऊ."

मी भीतभीत म्हटलं, "बाई, तिन्नावा?"

"मोठ्या माणसाला तिन्नारा म्हणावं," बाई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या.

मी चूक सुधारून पुन्हा विचारलं.

"इंका लेदु," त्या म्हणाल्या.

त्याचा अर्थ 'अजून नाही' असा होतो, हे मला त्यांनी उठून दोन ताटं काढली तेव्हा कळलं.