रविवारी सकाळी लूप

शिकागोतले मोहल्ले मला लखनऊपेक्षा जास्त पाठ आहेत, हे मी आमच्या महानगर कॉलनीत कोणालाही ठणकावून सांगते. माझा मुलगा अनुप आणि सून अंतरा तिथे राहतात. दर रविवारी दोघं एकेक मोहल्ला पायी फिरतात आणि मला फोनवर दाखवतात. चायनाटाऊनची लाल कमान, पिल्सेनमधल्या चित्रांनी भरलेल्या भिंती, सगळं मी पलंगावर मांडी घालून पाहिलंय.

गेल्या शनिवारी अंतराचा मेसेज आला. अक्षरं मी पन्नाशी उलटल्यावर शिकले, त्यामुळे शब्दन् शब्द चावून वाचते. "आई, उद्या सकाळी लूप. फोन करते, तुम्हालाही दाखवते."

लूप! माझ्या वयाच्या बाईला लूप एकच माहीत. मूल नको म्हणून सरकारी दवाखान्यातली नर्स बसवायची, तो. लग्नाला सहा वर्षं झाली, मी नातवंडासाठी दुपटी शिवून ठेवलीत, आणि ही लूप बसवायला निघाली. वर मला दाखवणार!

यजमान रेल्वेतून इंजिनीयर म्हणून रिटायर झालेत. त्यांना गाठलं.

"अहो, लूप म्हणजे कायमचं असतं का हो?"

"छे. मागची एक्सप्रेस निघून जाईपर्यंत गाडी लूप लाइनवर उभी करायची," पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले. "मग पुन्हा मेन लाइन."

या माणसाबरोबर मी पन्नास वर्षं संसार केलाय.

रविवारी संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, मीच फोन लावला.

"अंतरा, ठरलं का ग तुमचं?"

"हो आई. दोन तासांत होईल. गाइड आहे ना."

"डॉक्टर नाही?"

"डॉक्टर कशाला?" ती हसली. "पाय दुखतील, एवढंच. अनुपच्या ऑफिसमधले चौघंपण आलेत."

"चौघं? ते कशाला?"

"बघायला. त्यांनीही अजून पाहिलेलं नाही. आणि आई, वरून धडधडत रेल्वे जाते, ती तर तुम्हाला दाखवणारच."

मी फोनसमोर हात जोडले. "अंतरा, पाया पडते तुझ्या. नातू दे, नात दे, काहीही दे, पण तो लूप नको बसवूस."

तिचा फोन स्पीकरवर होता. चौघांपैकी दोघं पुण्याचे निघाले.

अनुपने तिच्याकडून फोन घेतला; लखनऊत वाढलेला, गडबडला की हिंदीवर येतो. "मम्मी, लूप मोहल्ले का नाम है. शहर के बीचोंबीच. ऊपर ट्रेन गोल घूमती है, इसलिए लूप."

"मी कालपासून तेच सांगतोय," यजमान म्हणाले.

मग अंतराने स्पीकर बंद केला, जरा बाजूला गेली असावी. हळूच म्हणाली, "आई, मी काही लूपबिप बसवलेला नाही."

माझा जीव भांड्यात पडला. "शहाणी ग माझी बाय!"

"मी गोळ्या घेते."