नजर ठेवा माह्यावर

दारव्ह्याच्या जुन्या वस्तीत महादेवकाका लोहाराकडे काम टाकायचं, तर लोखंडासोबत स्वतःलाही नेऊन टाकावं लागतं. काका गिऱ्हाइकाला समोरच्या स्टुलावर बसवतात आणि भट्टी पेटवण्याआधीच दम भरतात, "नजर ठेवा माह्यावर. उद्या तुमीच म्हणसान, बुढ्यानं लोखंड बदललं."

असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. पण न म्हणणाऱ्यांचाच काकांना जास्त संशय. आपण "छे छे" म्हटलं की लगेच, "पाहा, मनात आलं असनच!"

माझ्या माडीचा कठडा गंजून गेला होता. वडिलांच्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव घरात पडून होती. तिच्याच वेली वळवून नवा कठडा करायचं माझ्या मनात होतं. वडिलांची आठवण रोज डोळ्यांसमोर राहिली असती. काकांनी आधी त्या धावेवर माझ्याच हातानं छिन्नीची खूण करून घेतली. मग म्हणाले, "खूण फिकी काहून केली? म्हणजे बोंबलाले जागा ठेवली तुमी!"

तेव्हापासून रोज दुपारी दुकानातून सुटलो की माझी त्या स्टुलावर हजेरी. मोबाइल काढायची सोय नाही. मी शिंकलो तरी हातोडा थांबायचा, कारण शिंकताना डोळे मिटतात. एकदा मला बसल्या बसल्या डुलकी लागली, तर काकांनी तापलेली पट्टी परत भट्टीत घातली आणि मी जागा होईपर्यंत वाट पाहिली. वैताग यायचा. पण हात काय होता त्या माणसाचा! लालभडक लोखंडातून बघता बघता पान उमलायचं, आणि वेल वळायला लागली की काकाही बोलायला लागायचे. कोणत्या घराच्या खिडकीवरचा मोर त्यांच्या बापानं केला, कोणत्या घरानं तो काढून भंगारात दिला, सगळं.

परवा मला बँकेत जायचं होतं. मी उठलो आणि म्हटलं, "काका, तुम्ही करा निवांत. तुमच्यावर पुरा भरोसा आहे माझा."

काका खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी हातोडा खाली ठेवला.

"तुमचाबी बसला का भरोसा?" ते हळूच म्हणाले. "साऱ्या वस्तीचा हाय, भाऊ. सामान टाकतात अन् निंघून जातात. तुमची काकू होती तवा मी कोणालेच बसवत नोतो. काकूच बसे इथं."

बँक काही पळून जात नव्हती. मी परत स्टुलावर बसलो.

"काका, खरं सांगू का? ही पट्टी मला जरा वेगळीच वाटते."

"वाटलंच मले!" काका म्हणाले आणि हसत हसत त्यांनी ती पट्टी भट्टीत सारली.